रिकामा असेन, खोटा नाही

मित्रांनो, मला ना झाकण आहे ना बूड, तरी मी डबाच आहे. माहितीचा डबा. एका इस्पितळाच्या संगणकात मी राहतो. वॉर्डातले यंत्र बिघडले की सिस्टर पडद्यावर फॉर्म भरतात. यंत्राचा क्रमांक आणि तक्रार माझ्या कप्प्यांत येते आणि मी ती दुरुस्ती विभागातल्या मेकॅनिककाकांपर्यंत पोहोचवतो. प्रोग्रामर मंडळी मला कंटेनर म्हणतात.

मला घडवले एका प्रोग्रामरताईने. तिने एकच नियम घालून दिला: कप्पा कोरा असेल तर पुढे जायचे नाही, तिथेच थांबून ओरडायचे. नऊ वर्षे मी तो नियम पाळला. शाबासकी कोणी दिली नाही. सुरळीत चालणाऱ्या गोष्टीकडे बघतो कोण?

एका सकाळी फॉर्म नवा झाला. 'यंत्र क्रमांक' जाऊन 'उपकरण क्रमांक' आला आणि मला कोणी कळवलेही नाही. त्याच दिवशी नवजात बाळाला ऊब देणारी पेटी गार पडू लागली. सिस्टरनी घाईघाईने फॉर्म भरला, पण माझा कप्पा कोराच राहिला. मी संगणकाच्या नोंदींत लाल अक्षरांत ओरडलो आणि जागचा हललो नाही.

सिस्टरनी बाळाला दुसऱ्या पेटीत ठेवले आणि तीन जिने धावत उतरल्या.

"काका, तक्रार टाकून दहा मिनिटं झाली. तुम्ही बसलाय काय?"

"अहो सिस्टर, इथं काही आलंच नाही!"

काका हत्यारांची पिशवी उचलून त्यांच्यामागे पळाले. पेटी दुरुस्त झाली, बाळ सुखरूप राहिले. पण दुपारी मोठे साहेब तणतणत प्रोग्रामरताईकडे आले.

"हा डबाच कुचकामी आहे. नंबर आला नाही की 'एक' भरा आणि ढकला पुढे. ओरडणं बंद!"

ताईचे केस आता पिकले होते, आवाज मात्र तसाच होता. "साहेब, एक नंबरचं यंत्र तळमजल्यावर आहे. काका तिकडे गेले असते. पेटी वर गार पडत राहिली असती आणि आपल्या पडद्यावर सगळं छान दिसलं असतं."

ताईने नोंदी उघडल्या आणि एकेका नावावर बोट ठेवत गेली. "हे बघा. पाठवणारा म्हणतो उपकरण, घेणारा म्हणतो यंत्र. यात डब्याचा काय दोष?" तिने दोन्ही नावे जुळवली. सिस्टरनी पुन्हा फॉर्म भरून पाहिला. क्रमांक झटकन माझ्यात आला आणि काकांच्या पडद्यावर उमटला.

"बरं, ओरडू दे त्याला," साहेब पुटपुटले.

मित्रांनो, चोर सोडून संन्याशाला सुळी देऊ नका. माझ्यात काही घालताना नाव तपासा. मी ओरडलो तर तोंड दाबण्याआधी आत डोकावून बघा. हवे तर मला पुसून टाका, नवा डबा आणा. पण मी आहे तोवर मनाचा आकडा घालणार नाही. कोणीही सांगो.