पाय कुणी कापला?

फौजदारणीने लाथ घातली तेव्हा दवाखान्यातल्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. ती धडपडत आत गेली आणि राग दुप्पट झाला.

गल्ली तिला फौजदारीण म्हणायची ते उगाच नव्हे. नवरा गेल्यावर दोन मुलगे आणि एक मुलगी तिने निव्वळ आवाजाच्या जोरावर वाढवली होती. तिच्या घरात खिडकी उघडायची तरी तिला विचारून. आणि त्याच घरातल्या तिच्या वीस वर्षांच्या मुलीचा, बारकीचा, उजवा पाय मांडीपासून कापला होता, तिला न विचारता! दोन महिन्यांपूर्वी मैत्रिणीकडे राहायला जाते म्हणून गेलेली पोर कॅन्सरच्या दवाखान्यात आहे आणि तिचा पाय गेला, हे तिला सकाळी त्या मैत्रिणीकडूनच कळलं. ती तडक मुलांना घेऊन निघाली. मुलांच्या हातात लोखंडी सळया होत्या.

लाथ घालण्याआधी तिला दारावर डकवलेला कागद दिसला होता. शाळा तिने दुसरीतच सोडली होती, पण कागदावरचं ‘प्रशिक्षण’ अक्षर अक्षर जोडून तिने वाचलं होतं, आणि जे वाटत होतं ते पक्कं झालं होतं.

“शिकताय होय?” ती गरजली. “माझ्या पोरीच्या पायावर हात बसवताय?”

लांब टेबलाभोवती माणसं बसली होती. भिंतीवर, उजेडाच्या पेटीवर, कुणाच्यातरी हाडांचा फोटो लावलेला होता. तिने बोट दाखवताच थोरल्याने पहिला फटका त्या पेटीवर घातला. काचा सगळ्यांच्या अंगावर उडाल्या. शिकवायला बाहेरून आलेला गृहस्थ टेबलाखाली शिरला. त्याचे बूट तेवढे दिसत राहिले.

“पाय कुणी कापला ते सांगा. त्याचा पाय मोडते आणि जाते. बाकीच्यांशी माझं भांडण नाही.”

“सुरी मी चालवली,” सर्जन उभा राहत म्हणाला.

“पण ठरवलं सगळ्यांनी मिळून,” किमोची डॉक्टरीण म्हणाली. “मीही त्यात होते.”

“मीही,” किरणांचा शेक देणारा डॉक्टर म्हणाला.

“मीसुद्धा,” कोपऱ्यातली सिस्टर म्हणाली.

“पाय होता की ओंडका? एवढे जण कापायला?” फौजदारणीने सिस्टरच्या थोबाडीत अशी लगावली की तिचा ओठ फुटला. “तू कोण गं ठरवणारी? पट्ट्या बांधणारी तू!”

“इलाज ठरवायच्या बैठकीत मलाही विचारतात, बाई.”

धाकट्याने शेकवाल्याची मान धरून त्याचं डोकं टेबलावर आपटलं. टेबलावर रक्ताचा ओघळ आला. फौजदारणीला बरं वाटलं. ही माणसं एकमेकांकडे बोट दाखवतील, गयावया करतील, अशी तिची अटकळ होती. पण कुणीच दुसऱ्याचं नाव घेईना, आणि त्याने ती जास्तच पेटली.

“आणखी कोण होतं त्या बैठकीत?”

सिस्टरने सर्जनकडे पाहिलं आणि पटकन नजर खाली घातली. ते फौजदारणीने टिपलं.

“अस्सं! लपवताय. कोण होतं?”

“ते नाही सांगणार,” सर्जन म्हणाला.

तिने बोट दाखवलं. थोरल्याने सळई सर्जनच्या हातावर घातली. बोटं टेबलाच्या कडेवर चिरडली. तो गुरासारखा ओरडला, पण नाव काही सांगेना. थोरल्याने पुन्हा सळई उगारली.

“मी होते!”

दारात चाकांच्या खुर्चीवर बारकी होती. डोक्यावर केस नव्हते. मांडीवरची चादर एका बाजूला सपाट पडली होती. फौजदारणीने तिकडे पाहिलं आणि मान फिरवली.

“मी इथेच बसले होते, आई. सगळ्यांनी आपापलं सांगितलं. मग म्हणाले, आता तू बोल. मी म्हटलं, कापा.”

“आणि मी मेले होते?”

“सगळ्यात आधी तुलाच विचारलं होतं ना? तू रिपोर्ट डॉक्टरच्या तोंडावर फेकलास. मला घरी नेऊन लेप लावत बसलीस. गाठ वाढत गेली. मग एक दिवस मी एकटीच इथे आले. तुला कळवू नका, असं मीच सांगितलं यांना. तुझं ऐकून मला मरायचं नव्हतं.”

“तोंड वर करून बोलतेस?” थोरला वळला. त्याचे डोळे तांबारले होते. “आईला फसवतेस? दुसराही मोडतो तुझा!”

आजवर फौजदारणीने बोट दाखवल्याशिवाय थोरल्याचा हात उठला नव्हता. आज उठला. ती मध्ये घुसली. बारकीवर बसायची सळई तिच्या हातावर बसली आणि मनगटाच्या वरचं हाड मोडलं.

थोरल्याच्या हातून सळई गळून पडली. तेवढ्यात दवाखान्याचे रखवालदार धावत आले, त्यांनी दोघा भावांना खाली पाडून वर गुडघे रोवले. धाकटा “आई, आई” करत राहिला. ती बारकीच्या खुर्चीपुढून हलली नाही.

किमोची डॉक्टरीण सर्जनच्या बोटांना कापड गुंडाळत होती. सिस्टर फौजदारणीपाशी आली. ओठाचं रक्त हनुवटीवर आलं होतं.

“हात धरू का, बाई?”

“लांब हो!”

“बरं. तुम्ही हो म्हणेपर्यंत नाही धरणार.”

फौजदारणीला वाटलं, आता धरेलच. तिनेही पोरांची नाकं दाबून औषधं पाजली होती, त्यात विचारायचं काय? पण सिस्टर खरंच हात मागे घेऊन उभी राहिली. फौजदारणीचा मोडलेला हात मनगटापाशी लोंबत होता. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते.

“आई,” बारकी म्हणाली, “दुखेल. पण ती सांगून करते.”

फौजदारणीने त्या सपाट चादरीकडे पाहिलं. या खेपेला मान फिरवली नाही.

“धर,” ती म्हणाली. “पण काय करणार ते आधी सांग.”