खिडकीजवळचं स्टूल

हिवाळा आला की आत्याला आधी राग यायचा आणि मग थंडी वाजायची. राग दिवसावर. जेवून हात धुवावेत, जरा सुई हातात घ्यावी, तोवर उजेडाने गाशा गुंडाळलेला. बरं, लोकांना लोकरीचे कपडे आठवायचे तेही नेमके याच दिवसांत. कपाटात कसरीने वर्षभर मनसोक्त खाल्लेले कोट आणि शाली थंडीची पहिली झुळूक लागताच दुकानात येऊन पडायच्या. काम डोंगराएवढं आणि उजेड मूठभर, हा कुठला न्याय?

दुकान भावाचं. शिवणकाम तो बघायचा, रफू आत्याकडे. खरं तर ती एकट्या भाच्याची आत्या. पण तो लहानपणी दुकानभर "आत्या, आत्या" करत फिरला आणि गल्लीनेही तेच उचललं. तिचं रफू असं, की गिऱ्हाईक कोट उलटासुलटा करून भोक कुठे होतं ते शोधायचं आणि शेवटी हात टेकून तिलाच विचारायचं. "मला काय ठाऊक?" ती म्हणायची. हे एवढं म्हणायला मिळावं म्हणून ती वर्षभर मान मोडून काम करायची.

आता रफूला तिच्याबरोबर आणखी एक जण बसत होती, भाच्याची बायको. घरात सगळे तिला सूनबाई म्हणत, म्हणून दुकानातही ती सूनबाईच. तिला हे काम शिकवलं आत्यानेच, अगदी कान धरून. पोरगी भराभर शिकली. इतकं भराभर शिकायची काही गरज नव्हती, असं आत्याला हल्ली वाटत होतं.

दुखणं होतं खिडकीजवळच्या स्टुलाचं. दुकानाला खिडकी एकच, आणि रफूला दिवसाचाच उजेड लागतो; ट्यूबखाली काळा आणि गडद निळा दोरा सख्खे भाऊ दिसतात. ते स्टूल वर्षानुवर्षं आत्याचं. पण उन्हाळ्यात तिथे पाठ भाजून निघायची, म्हणून तिनेच मोठ्या मनाचा आव आणून म्हटलं होतं, "सूनबाई, तू बस गं खिडकीशी. तुझे शिकायचे दिवस, तुला उजेड हवा." आणि स्वतः पंख्याखालचा कोपरा गाठला होता. सूनबाईने त्या भट्टीत हूं की चूं न करता अख्खा उन्हाळा काढला.

आता तेच ऊन मऊ झालं होतं. तिरकं आत यायचं आणि लाडावलेल्या मांजरासारखं नेमकं सूनबाईच्या मांडीवर बसायचं. कोपऱ्यात मात्र दुपारीच संध्याकाळ. गारठलेल्या बोटांनी आत्या ट्यूबखाली बसायची, चोरून तिकडे बघायची आणि आतल्या आत जळायची. पोरीच्या केसांवर ऊन, गालावर ऊन, सुईच्या टोकावर ऊन. तिचा दोरा एका झटक्यात ओवला जायचा. आत्याचा दोरा नेढ्याच्या आजूबाजूला हिंडून परत यायचा. तिथे बसले असते तर मीही ओवला असता, असं ती दर वेळी मनाला बजावायची.

पण दिलेली जागा कोणत्या तोंडाने परत मागणार? तिने टोमणे मारून पाहिले. "काय बाई, मजा आहे काही लोकांची."

"हो ना, आत्या," सूनबाई म्हणाली, "छान ऊन येतंय."

टोमणा कळू नये इतकी का ती साधी होती? छे, पक्की आहे, आत्याने ठरवून टाकलं. त्या दिवसापासून पोरीचं हसणं, खाकरणं, चहाचा कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवणं, सगळंच तिला खुपायला लागलं.

"ताई, एकदा डोळे दाखवून ये ना डॉक्टरला," भाऊ म्हणाला.

"माझ्या डोळ्यांना काही धाड भरलेली नाही. आधी मला उजेड दाखव, मग मी डोळे दाखवते."

भावाने मान खाली घालून मशीन चालू केलं. तिच्यापुढे त्याचं कधी चाललंच नव्हतं.

मग एक दिवस वकील आत्याने रफू केलेला आपला काळा कोट घेऊन परत आले. बिचारे भले गृहस्थ, आवाज चढवला नाही. "आत्या, बाहीला शाई लागलीय का, म्हणून अशिलाने विचारलं हो मला."

भावाने कोट खिडकीशी नेला. "ताई... निळा दोरा आहे गं."

आत्याने कोट त्याच्या हातातून ओढून घेतला. "निळाच असणार! सगळा उजेड हिच्या मांडीवर, आणि मी त्या कोपऱ्यात काजवे धरून काम करू? दिवस एवढासा, त्यातही माझ्या वाट्याला अंधार!"

वकील कोट तिथेच ठेवून सटकले. सूनबाई उठली, आपली सुयांची डबी उचलली आणि म्हणाली, "तुम्ही बसा ना इथे, आत्या. नुसतं म्हणायचंत, मी कधीच उठले असते."

किती सहज दिलं! भांडली असती तर आत्याला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी येऊन स्टुलावर बसली. बाराच्या सुमाराला ऊन भरपूर आत आलं, पाठ शेकली, बोटं मोकळी झाली. कोपऱ्यात ट्यूबखाली सूनबाई वाकून बसलेली. ते बघून आत्याला फार गोड वाटलं, आणि वाटल्याची लाजही वाटली नाही.

तिने वकिलांचा कोट घेतला. चुकीचा दोरा उसवलेला होताच. डब्यातून एक काळं रीळ काढलं, ताडून बघायला एक निळं काढलं आणि दोन्ही उन्हात धरली.

दोन्ही सारखीच.

तिने चष्मा पुसला. मग पदराने खिडकीची काच पुसली. एखादा ढग आडवा आला असेल, तो सरेपर्यंत थांबू, असं म्हणून वर पाहिलं. आभाळात ढगाचा पत्ता नव्हता. तिने पुन्हा रिळं पाहिली, तरी सारखीच. हिवाळ्याला इतके दिवस शिव्या घातल्या, त्याचा यात काही दोष नव्हता.

मग दोन्ही हात वर करून म्हणाली, "सूनबाई, यातलं काळं कुठलं गं?"

"उजव्या हातातलं," सूनबाईने कोपऱ्यातून, बसल्या जागेवरूनच सांगितलं. तिचा टाकासुद्धा थांबला नाही.

भावाचं मशीन मात्र थांबलं.

"बरोबर," आत्या म्हणाली. "परीक्षा घेत होते तुझी." तिने कोट आणि रीळ पुढे केलं. "घे. वकिलांचं तूच कर."

सूनबाईने एकदा सासऱ्यांकडे पाहिलं, एकदा आत्याकडे. "मग खिडकीशी येऊ का?"

"नको. तिथेच कर."

सूनबाई कोट घेऊन कोपऱ्यात गेली आणि ट्यूबखाली रफू करायला लागली. खिडकीवर आत्या जळत होती तेव्हा निदान ती मागून मिळण्यासारखी गोष्ट होती. आता ती त्या पोरीच्या डोळ्यांवर जळत होती. भरदुपारच्या उन्हात रिकामे हात मांडीवर ठेवून ती कोपऱ्यात चालणाऱ्या बोटांकडे बघत बसली, आणि ती बोटंही तिला धड दिसत नव्हती.