सारेतमामाचं नाव

कंबोडियातल्या केपच्या किनाऱ्यावर भाड्याच्या माच्यावर आई बसली, ती समुद्राकडे पाठ करून. लोक इथे सुट्टीला येतात ते समुद्र बघायला, पण आईचं सगळंच उरफाटं, असं मनाशी म्हणत कन्निथाने हिरव्या मिरीतले खेकडे मागवले.

पितरांचा पंधरवडा तोंडावर आला होता. विहारात द्यायच्या मृतांच्या यादीत यंदा तरी मामाचं नाव घालू दे, हे पटवायला तिने आईला प्नॉम पेन्हहून इथे आणलं होतं. सारेतमामा पंचाहत्तर साली, देशात कत्तली सुरू झाल्या तेव्हा, इथूनच होडीत बसून समोरच्या बेटावर, व्हिएतनामात पळाला. तेव्हापासून त्याची चिठ्ठीचपाटी नाही. तरी आई दरवर्षी हटून बसायची.

"आई, तो गेला असेल आणि आपण नाव दिलं नाही, तर आपल्या नावाचा घास शोधत सात विहार उपाशी हिंडेल गं बिचारा."

"आणि असला तर? बहिणीनंच जिवंतपणी मारलं म्हणेल."

"तुझ्यापुढे हात टेकले मी."

तेवढ्यात कन्निथाचा फोन वाजला.

"कोण गं?" आईने विचारलं.

"कोणी नाही. कंपनीचा मेसेज. व्हिएतनाममध्ये आपलं स्वागत आहे म्हणे." कन्निथा हसली. "आपण बसलोय इकडे आणि फोन पकडतोय तिकडचा टॉवर. इथे नेहमीचंच आहे हे."

आई हसली नाही. "आपल्याला येऊन किती वेळ झाला?"

"दहा मिनिटं झाली असतील."

आई हळूहळू समुद्राकडे वळली. हवा स्वच्छ होती, बेटावरची झाडी दिसत होती.

"दहा मिनिटांत त्या यंत्राला कळलं, किनाऱ्यावर कुणी आलंय ते," ती म्हणाली. "सारेतला तर माझ्याशी बोलल्याशिवाय घास उतरायचा नाही. असता, तर पन्नास वर्षं गप्प बसला असता का?"

कन्निथाला हेच ऐकायचं होतं. आता ऐकल्यावर मात्र तिला आपलीच लाज वाटली. उगाच आणलं हिला, असं झालं.

खेकडे आले. आईने सगळ्यात मोठी नांगी मोडली आणि न खाता ताटाच्या कडेला ठेवली.

"नाव घाल," ती म्हणाली. "आणि त्याच्या नावाचा भाताचा गोळा मोठा कर. इतकी वर्षं मी त्याला उपाशी ठेवलंय."