खाली

सकाळी सव्वानऊला नई सडकेजवळच्या फिजिओथेरपी केंद्राच्या पायऱ्यांवरून सूर्याजी कदम पडले. डोकं खालच्या दगडावर आपटलं. आवाज शामलाने ऐकला, पण तिला लगेच धावता आलं नाही. तिचे दोन्ही हात नवऱ्याला, मधुसूदनरावांना, धरण्यात गुंतले होते.

पार्किन्सन दोघा पुरुषांनाही होता. रोग एक, चाली दोन. मधुसूदनरावांचे पाय दारात आले की जमिनीला खिळत. कुणी ठेक्यात “एक, दोन” म्हणू लागलं की मगच सुटत. सूर्याजींचं उलटं. अंग पुढे झुके, पावलं बारीक होत होत धावू लागत आणि आवरता आवरत नसत.

“मधुभाऊ, तुमचा ब्रेक जाम, माझा फेल,” सूर्याजी नेहमी म्हणत. “दोघांना एकाच मिस्त्रीकडे टाकलं पाहिजे.”

आजही मधुसूदनराव दारात अडकले. “अहो, एक… दोन…” शामला म्हणू लागली. सूर्याजींची सून गरिमा स्कूटर काढायला गेली होती. सूर्याजी दोघांच्या कडेने बाहेर पडले आणि त्या ठेक्यावर त्यांचीच पावलं धावू लागली. दारापुढचा ओटा संपत आला.

“सूर्याजीराव, खाली! खाली!” शामला ओरडली.

ती साताऱ्याची. खाली पायऱ्या आहेत, एवढंच तिला म्हणायचं होतं. सूर्याजींच्या चार पिढ्या इथेच, हिंदी मुलखातल्या शिंदे की छावनीत गेल्या. त्यांच्या घरच्या मराठीत खाली म्हणजे रिकामं. त्यांनी मान वर करून रस्त्याकडे पाहिलं. “हो वहिनी, एकदम खाली आहे!” म्हणाले, आणि पायऱ्यांवरून कोसळले.

इस्पितळात शामला आणि मधुसूदनराव बसले होते त्या बाकापाशी गरिमा धापा टाकत आली.

“काकू, तुम्ही तिथंच होतात ना? डॉक्टर पूछ रहे हैं, चक्कर आली का? नवी गोळी सुरू केलीय ना, मला तर तिचाच शक येतोय. बंद करायला सांगू?”

हो म्हटलं असतं तर कुणी काही विचारलं नसतं. पण त्या गोळीनेच सूर्याजींचे हात पुन्हा घास तोंडापर्यंत नेऊ लागले होते. शामलाने मान हलवली.

“चक्कर नव्हती गं. पाय धावले. आणि मी… मी खाली म्हणून ओरडले.”

“तो खाली ही था ना रस्ता?”

“रस्ता नाही. पायऱ्या. खाली पायऱ्या होत्या.”

गरिमा तिच्याकडे बघत राहिली. मग डॉक्टरांच्या खोलीकडे गेली. तिने आत काय सांगितलं, ते शामलाला कळलं नाही.

मधुसूदनरावांनी विचारलं, “काय झालं?” तिने फक्त त्यांचा हात दाबला.

दुपारी बाराला नर्सने बाहेर येऊन सांगितलं, की स्कॅन झाला आहे, रिपोर्ट यायचा आहे. पेशंटने डोळे उघडले आहेत, पण अजून कुणाला ओळखलेलं नाही.