वरच्या मजल्यावरचा भाडेकरू

आमच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू राहतो असं कुणी तोंडावर म्हणलं असतं, तर मी त्याची जीभ हासडली असती. पण घरपट्टीच्या नोटिशीतच तसं आलं. मोजणीला आलेल्या माणसानं बाहेरनं येगळा जिना बघितला, खाली एक गॅस, वर एक गॅस, आन् लिहून मोकळा झाला. भाड्यानं दिलेलं घर म्हणून पट्टी वाढली.

वर राहतो माझा सुरज. पोटचा पोरगा, एकुलता एक. आन् त्याची बायको नीलम, यवतची. लग्नाला वरीस झालं न्हाई तवा आमटीतल्या मिठावरनं आमची दोघींची जुंपली, आन् ह्यानं गपगुमान गॅस घेऊन वर बिऱ्हाड केलं. बायकोचा बैल, दुसरं काय.

मी शिरूरला कचेरीत जाऊन हरकत घातली. सुरजच्या वडलांच्या माघारी घर माझ्या नावावर हाय. साहेब म्हणाले, "मावशी, मी येऊन बघतो. एकच कुटुंब दिसलं तर पट्टी कमी करू."

सुरजला सांगितलं तर म्हणाला, "त्यात काय, आई. त्या दिवशी गॅस खाली आणून खालीच सैपाक करू." खरं सांगते, पट्टी गेली खड्ड्यात, मला तेवढ्यानंच गुदगुल्या झाल्या. साहेब यायच्या दिवशी मी हुलग्याची शेंगोळी केली, त्याच्या आवडीची. म्हणलं, तोंडाला चव लागंल, पोरगं खालीच राहील.

आला सुरज. आन् बसला कुठं, तर नीलमशेजारी, लसूण सोलत. ज्यानं मला उभ्या जन्मात पाण्याचा तांब्या दिला न्हाई, त्यो. ती काहीतरी म्हणायची, त्यो हसायचा. जेवायला बसल्यावर पहिला घास घेतला आन् तिलाच म्हणतो, "तुला तिखट न्हाई ना होत गं?" करणारी मी समोर बसलेय, तिचं काय? अंगाची नुसती लाही लाही झाली माझ्या.

दुपारी साहेब आले. घर बघितलं, कागद काढला, खुर्चीवर टेकले. सुरज चहा घेऊन आला. पहिला कप साहेबांना दिला. दुसऱ्याला मी हात पुढं केला, तर त्यो कप गेला नीलमकडं. ती म्हणाली, "अहो, आत्यांना द्या आधी." म्हंजी मला चहा मिळायचा त्यो पण हिच्या मेहेरबानीनं.

"मग मावशी," साहेब म्हणाले, "वर राहतं कोण?"

"भाडेकरू," मी म्हणलं.

साहेबांचा पेन थांबला. "पण तुम्ही तर हरकतीत..."

"आईजवळ बसत न्हाईत, आईला इचारत न्हाईत, ते भाडेकरूच की. लिहा तुम्ही."

मला वाटलं, आता सुरज चिडंल. आई, काय बोलतीस, म्हणंल. मग मी बी मनात साठलेलं सगळं ओकीन, रडीन, आन् रातच्याला सगळी मिळून जेवू. त्यानं ट्रे खाली ठेवला. "घर आईचं हाय, साहेब," म्हणाला. "ती म्हणंल तसं लिहा." साहेबांनी मला पुन्यांदा इचारलं. मी मान वळवून घेतली. त्यांनी लिहिलं.

गॅस परत वर गेला. मी भांडी आपटत बसले, पण जिन्यावरनं कुणी खाली आलं न्हाई.

सकाळी सुरज दारात उभा. उंबऱ्याच्या आत आला न्हाई. हातातल्या नोटा माझ्यापुढं धरल्या.

"ह्या महिन्याचं भाडं," म्हणाला. "कंपनीजवळ खोली बघितलीय, रांजणगावला. रविवारी सामान हलवतो."

आरं बाबा, जाऊ नको, एवढंच म्हणायचं होतं मला. तेवढंच म्हणले असते तरी थांबला असता त्यो. पण तोंडातनं निघालं, "तिनंच भरवलं न्हवं तुझ्या डोक्यात हे?"

त्यानं नोटा उंबऱ्यावर ठेवल्या.

"न्हाई," म्हणाला. "ती थांबू म्हणत होती."