माझ्यावरची दोन अज्ञान मुले

मित्रांनो, मी एक जुना दुमजली पलंग आहे. फार जुना नाही. पण माझ्या अंगावर इतके स्टिकर चिकटवले आणि खरवडले गेले आहेत, की माझा मूळ रंग कोणता होता ते आता मलाही आठवत नाही. खाली एक गादी, वर एक गादी, बाजूला शिडी आणि वरून कुणी पडू नये म्हणून कठडा, असा माझा थाट आहे. साध्या पलंगांशी मी फारसे बोलत नाही.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. एका दुपारी नवरा-बायको आणि त्यांची पाच वर्षांची मुलगी तिथे आली. सुताराने थट्टेने विचारले, "एकुलत्या एका पोरीला दोन मजले?" बाईंनी नुसता पोटावर हात ठेवला. सुतार हसला आणि त्याने माझ्या कठड्याला आणखी एक पट्टी ठोकून दिली. "दुसरं व्रात्य निघालं तर?" तो म्हणाला.

दुसरे व्रात्यच निघाले. त्याला घरात टिल्लू म्हणत, आणि तो आल्यापासून मुलगी सगळ्यांचीच ताई झाली. आई-बाबासुद्धा तिला ताईच म्हणू लागले. मी त्या दोघांचे जहाज झालो, दुकान झालो, दवाखाना झालो. वरचा मजला कुणाचा, यावरून त्यांची रोज जुंपायची. उशा उडायच्या, झिंज्या उपटल्या जायच्या, आणि शेवटी दोघेही खालच्याच गादीवर एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपी जायची. भांडण सोडवायला आलेल्या मोठ्यांचे डोके हमखास माझ्या वरच्या फळीवर आपटायचे. पुढे पुढे आई माझ्या कडेवरून उठू लागली की बाबा न बघताच तिच्या डोक्यावर तळहात धरत. पाहुणे म्हणत, "पलंग असावा तर असा!" तेव्हा मी मनातून फुगायचो.

मग घरातले आवाज कमी होत गेले. आई-बाबांमध्ये भांडण नाही, आदळआपट नाही. "किल्ली?" "टेबलावर." एवढेच बोलणे. मला वाटले, बरे झाले, शांतता आली. लाकडाची अक्कल ती केवढी! माझे बोल्ट ढिले झाले होते, मी करकरत होतो, पण पाना घेऊन कुणी आले नाही.

एका शनिवारी दुपारी टिल्लू हॉलमध्ये कार्टून पाहत होता, म्हणून आई-बाबा आमच्या खोलीत आले आणि खालच्या गादीवर शेजारी शेजारी बसले. ताई बाहेर खेळायला गेली आहे असे त्यांना वाटले. ताई वरच्या गादीवर पालथी पडून पुस्तक वाचत होती. आईच्या हातात वकीलबाईंनी तयार करून दिलेला अर्ज होता. ती तो हळू आवाजात वाचू लागली.

"'दोघांचे पटत नाही. यात कुणाचाही दोष नाही. दोघेही संमतीने घटस्फोट मागत आहेत.' बरोबर?"

"बरोबर," बाबा म्हणाले.

"'त्यांना दोन अज्ञान अपत्ये आहेत...'"

वरून एक डोके उलटे लोंबले. "अज्ञान कोण?"

दोघेही दचकले. ताई चांगलीच चिडली होती. "मला एकोणतीसपर्यंत पाढे येतात! टिल्लूला म्हणा हवं तर."

"अगं, कोर्टात अठरा वर्षांच्या आतल्या सगळ्यांनाच अज्ञान म्हणतात," बाबांनी समजूत घातली.

"आणि त्याच्या पुढचे सगळे शहाणे?"

ताई शिडीवरून खाली आली. "पुढचं वाच ना," ती म्हणाली. आई वाचेना, तेव्हा तिने कागद घेऊन स्वतःच वाचले. ताई आईकडे राहणार होती आणि टिल्लू बाबांकडे.

मित्रांनो, त्या दोघांच्या मनात कपट नव्हते. कुणावर अन्याय नको, कुणाचे घर अगदी रिकामे नको, म्हणून त्यांनी भांडीकुंडी निम्मी निम्मी केली होती, खुर्च्या निम्म्या केल्या होत्या. माझाही वरचा मजला एका घरी आणि खालचा दुसऱ्या घरी जाणार होता. त्याच मापाने त्यांनी मुलेही वाटली होती.

"पण आमचं तर भांडण अजून चालू आहे," ताई म्हणाली.

"म्हणजे गं?" आईने विचारले.

"म्हणजे काय! त्यानं माझी रंगपेटी घेतलीय, अजून दिली नाही. आम्ही रोज भांडतो आणि रोज इथंच झोपतो. तुम्ही तर भांडतसुद्धा नाही." ती रडकुंडीला आली. "तुमचं तुम्ही काय ते करा. आमची वाटणी करू नका."

आई तिला जवळ घ्यायला झटकन उठली. बाबांचा तळहात सवयीने फळीखाली गेला आणि आईचे डोके त्या तळहातावर टेकले. दोघेही क्षणभर तसेच थांबले. मला वाटले, आता सगळे पूर्वीसारखे होणार. तसे झाले नाही. बाबांनी हात काढून घेतला.

"वकीलबाईंना सांगते, हे बदला म्हणून," आई डोळे पुसत म्हणाली.

"हो. दोघं एकत्रच राहतील," बाबा म्हणाले.

अर्ज बदलला. शाळेच्या दिवसांत दोन्ही मुले आईकडे, शुक्रवार संध्याकाळपासून रविवारपर्यंत बाबांकडे, असे ठरले. आईच्या नव्या घराचा जिना अरुंद, त्यामुळे मी अखंडच इथे बाबांकडे राहिलो. आता आठवडाभर माझ्या गाद्या थंड असतात. खिडकीतून ऊन येते, खालच्या उशीवर थोडे थांबते आणि निघून जाते. बाबा मधूनच येऊन माझे बोल्ट आवळतात. ते ढिले नसतात, तरी आवळतात. आई मुलांना इमारतीच्या दारापर्यंत सोडते; तिची चप्पल मी पुन्हा या खोलीत ऐकली नाही. मला तिची फार आठवण येते.

कोर्टाचा शेवटचा दिवसही शुक्रवारच होता. संध्याकाळी मुले आली तेव्हा बाबा माझ्यावर चादर घालत होते.

"बाबा, कोर्टातलं झालं?" टिल्लूने विचारले.

"झालं."

"कोण जिंकलं?"

"कुणीच नाही रे. आणि कुणी हरलंही नाही."

टिल्लूने थोडा विचार केला. "म्हणजे मॅच बरोबरीत सुटली?"

"हं. तसंच म्हण."

"मग परत खेळा ना."

बाबा कितीतरी वेळ चादरीचा तोच एक कोपरा खोचत राहिले. ताईने टिल्लूचे दप्तर काढून घेतले आणि म्हणाली, "चल, आज तू वर झोप." इतक्या वर्षांत तिने ती जागा आपणहून कधी दिली नव्हती.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याच्या कठड्याला लोंबकळू नका आणि त्याचे बोल्ट वेळच्या वेळी आवळून घ्या. आणि घरातले कुणी मोठे माणूस उगाचच येऊन कडेला टेकले, तर पुस्तक बाजूला ठेवून थोडे सरका. दुसरे कुणी आले तर आणखी सरका. पलंग मोडेल म्हणून घाबरू नका. मला चौघांचे वजन पेलते. मी ते पेललेले आहे.