पहारेकऱ्याचं काम

चिमट्याच्या टोकावरचा तो स्क्रू इतका बारीक होता की श्वास जरा जोरात सोडला तरी उडून गेला असता, म्हणून तो श्वास धरूनच बसला होता. चष्म्याची दांडी, दांडीतलं भोक, भोकात स्क्रू... श्वास धरायची सवय तशी त्याला जन्माचीच, कारण शब्द यायच्या आधी छातीत असंच काहीतरी आवळलं जातं, अंगठा तर्जनीवर घासायला लागतो, आणि डावा डोळा मिटतो. डाव्या डोळ्याचं मात्र त्याला परवापर्यंत माहीत नव्हतं. बोलताना स्वतःचं तोंड आरशात कोण बघतं? परवा शाळेच्या नाटकाच्या रंगीत तालमीत मुलीनं, ठकीनं, ते करून दाखवलं, तेव्हा कळलं.

"किती वेळ लागेल हो?" काउंटरपलीकडच्या गिऱ्हाइकानं विचारलं.

"प—"

"पाच मिनिटं," दुकानाचे मालक म्हणाले.

त्याला पंधरा म्हणायचं होतं.

मालक वाईट नव्हते. सगळं जगच असं वागतं. त्याच्या तोंडात शब्द अडला की समोरचा पुढे होऊन, सुइणीनं अडलेल्या बाळंतिणीचं पोर ओढावं तसा तो ओढून काढतो, आणि वर उपकार केल्यासारखा हसतो. बायकोनं तर लग्न झाल्या झाल्याच त्याची सगळी वाक्यं घरातल्या किल्ल्यांसारखी कमरेला लावली होती. थांबायची ती फक्त मुलगी. ठकी हे नाव त्यानंच ठेवलेलं, दिवसभर लाकडी बाहुलीसारखी टकटक बघायची म्हणून. मांडी घालून, हनुवटी तळहातावर टेकून ती त्याच्या ओठांकडे बघत बसायची, शब्द येईपर्यंत. कधी घाई नाही, कधी आपला शब्द पुढे करणं नाही. चिमणीच्या घराची गोष्ट संपायला अख्खी दुपार जायची... सगळ्या जगात एक जीव माझी वाट बघतो, असं मी समजत होतो. तेवढ्या एका गोष्टीवर मी इतकी वर्षं तोऱ्यात जगलो. आणि ती नुसती बघत होती.

तिसऱ्या प्रहरी रजा टाकून तो शाळेच्या सभागृहात गेला. आज प्रयोग होता. ठकी शाळेच्या नाटकात पडल्यापासून तिला तालमीला सोडणं, आणणं, नेपथ्याची फळकुटं ठोकणं, बिजागऱ्यांना तेल घालणं, सगळं तोच करत आला होता, आणि तिथं तो तोंड कधी उघडत नसे. नुसती मान हलवायची, हसायचं. नाटकाचे सर त्याला "आपले मौनीबाबा" म्हणत, आणि ते त्याला मनापासून आवडे. बोलता येत नाही असा नव्हे, बोलायचं नाही असं ठरवलेला माणूस! ही एवढी एकच जागा होती जिथं कुणाला काही माहीत नव्हतं.

नाटक सरांनीच लिहिलेलं, विनोदी. गावाला आग लागते, पहारेकऱ्यानं ओरडायचं असतं, पण तोंडातून शब्दच फुटत नाही आणि तोवर घरं जळून जातात. पहारेकरी म्हणजे ठकी, मिशा लावून. काम काही केल्या रंगेना, तेव्हा सर म्हणाले होते, "तुझ्याजवळचं काहीतरी आण त्यात." तिनं आणलं. परवा तो पडद्यामागं तोंडात खिळे धरून फळी ठोकत होता, आणि रंगमंचावरून त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला. नेपथ्याच्या खिडकीतून त्यानं डोकावलं. मिटलेला डोळा, घासणारा अंगठा, आ... आ... आणि पोरं हसून लोळत होती. त्यालाही हसू आलं. खरंच आलं! एक खिळा ओठातून निसटून पडला.

"कुठून आणलंस गं हे?" सरांनी विचारलं.

"असंच, सर. सुचलं."

आज सकाळी बायको चहा गाळता गाळता म्हणाली, "अहो, नाटकातलं ते मनाला लावून घेऊ नका. नाटकाच्या कॉलेजच्या मॅडम आज मुद्दाम हिचं काम बघायला येतायत. अ‍ॅडमिशन त्यांच्याच हातात आहे." आणि ठकी केस विंचरत, आरशातूनच म्हणाली, "बाबा, मॅडम भेटल्या तर आई बोलेल. चालेल ना तुम्हाला?" त्यानं मान हलवली. तिनं थांबून बघितलं, आणखी काही येतंय का ते...

प्रयोग असा रंगला की मागच्या रांगेतले लोक उभे राहून हसत होते. तो विंगेत दोरी धरून उभा होता. आज तिनं एक नवीन भर घातली होती. शब्द अडला की पहारेकरी समोरच्याकडे बघून हसायचा, माफी मागितल्यासारखं, शेपूट हलवल्यासारखं लाचार हसू. हे माझं? हेही माझंच? सकाळी त्या गिऱ्हाइकाकडे बघून मी असाच हसलो असेन. दोरी त्याच्या तळहातात रुतली. टाळ्या थांबेनात.

पडदा पडल्यावर मॅडम थेट आतच आल्या. बायको अजून सभागृहातल्या गर्दीत, लोकांकडून कौतुक गोळा करत अडकलेली. ठकीची एक मिशी निघाली होती, एक तशीच होती.

"तुम्ही हिचे वडील?"

त्यानं मान हलवली.

"काय निरीक्षण आहे हो मुलीचं! घरात कुणी आहे का असं अडखळणारं?"

ठकीनं त्याच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत त्यानं एवढी भीती कधी पाहिली नव्हती, आजारपणातसुद्धा नाही. आणि त्याच वेळी त्याला नवल वाटलं, कारण छातीत काहीच आवळलेलं नव्हतं. 'नाही' हा शब्द जिभेवर तयार होता, मऊ, ओला, नुसतं तोंड उघडायचा अवकाश. एका शब्दात पोर सुटली असती. आपलीच पोर... रात्र रात्र जागून वाढवलेली.

त्यानं डावा डोळा मिटला. अंगठा तर्जनीवर घासला.

"न... न्न... न..."

आणि हसला. तेच हसू, अगदी तिनं केलं होतं तसं. किंचित जास्तच.

मॅडमच्या चेहऱ्यावरचं कौतुक क्षणभर तसंच राहिलं, मग उतरलं. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग ठकीकडे, पुन्हा त्याच्याकडे. "अच्छा," त्या हळूच म्हणाल्या. "बरं... कळवू आम्ही." आणि पर्स सावरत निघून गेल्या.

बाहेर खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. ठकीनं उरलेली मिशी ओढून काढली. ओठावर लाल वळ उठला.

"बाबा, मुद्दाम केलंत ना?"

"नाही," तो म्हणाला.

शब्द असा सरळ, गुळगुळीत बाहेर पडला की दोघंही दचकली. ठकी त्याच्या ओठांकडे बघत राहिली. ज्या सुखासाठी त्यानं आयुष्यभर नवस केले असते ते हे, एवढं सोपं! अंगात कुठंतरी खोल, गोड, घाणेरडं असं काहीतरी पाझरत होतं, त्याला थांबवावं असं वाटत नव्हतं. आणखी एखादं वाक्य बोलून बघावं... तिची समजूत घालावी, नाहीतर बायकोला हाक मारावी, काहीही. पण त्यानं ओठ घट्ट मिटून घेतले. कारण त्याला पहिल्यांदाच भीती वाटत होती, की तेही अडणार नाही.